डाव्या हाताचा नारळ

मित्रांनो, जुनी छत्री, फुटका कंदील, पाय मोडलेली खुर्ची या मंडळींनी आपापल्या कहाण्या तुम्हाला शाळेत सांगितल्या असतील. त्यांच्या रांगेत ते मला उभं करतील की नाही, याची मला शंका आहे. मी एक जुना व्हिडिओ आहे. पाच-सहा वर्षांचाच आहे, पण आमच्यात एवढं वय म्हणजे म्हातारपण. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, पावसात भिजून माझे पोपडे निघत नाहीत. तरी माझी जी गत झाली ती ऐकलीत, तर छत्रीचं दुःख तुम्हाला फार हलकं वाटेल.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. तुम्ही मला बघता, तेव्हा मीही तुम्हाला बघत असतो. तुमचं तोंड मला दिसतं, तुमच्या मागची भिंत दिसते, जेवताना फोन बघत असाल तर ताटातलं उष्टंही दिसतं. पण बोलायची वेळ आली, की माझ्यात जेवढं भरलं आहे तेवढंच मला बोलता येतं. त्यापुढे एक अक्षर नाही. हे लक्षात असू द्या.

तोंडवलीच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी एक लहानशी वाडी आहे. तिथले हरिश्चंद्र तांडेल माझे जन्मदाते. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्या खाडीचं तोंड फसवं आहे. मधोमध वाळूचा दांडा आणि त्याच्या दोन बाजूंनी आत शिरायच्या दोन वाटा. समुद्रातून बघाल तर दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हीकडे सुरूची झाडं, दोन्हीकडे फेस. एका वाटेत खोल पाणी आहे. दुसऱ्या वाटेत पाण्याखाली एक खडक बसलेला आहे, आणि भरतीच्या वेळी तो अजिबात दिसत नाही.

वाडीची एक रीत आहे. पाण्यावर असताना त्या खडकाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याला जाग येते म्हणतात. त्याला नुसतं 'तो' म्हणायचं आणि हात दाखवायचा. त्यामुळे मलाही त्याचं नाव ठाऊक नाही. माझा सगळा जन्म त्याच्यापासून लोकांना वाचवण्यासाठी झाला, आणि मी त्याला नावानेही ओळखत नाही.

हरिश्चंद्र तांडेलांची मुलगी आकांक्षा कुडाळला शाळेत शिकवते. मला करण्याची कल्पना तिची.

"बाबा, तुमी होडी बंद केल्यावर ही वाट कोणाक ठावक आसतली? फोनात घेवया," ती म्हणाली.

"फोनात दर्यो मावतलो काय गो?" तांडेल हसले.

आतून त्यांच्या बायकोचा, रुक्मिणीबाईंचा आवाज आला, "मावलो नाय तर सांडात. घेवन तर बघा."

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती आणि पावसाळ्यानंतरची पहिली फेरी होती. आकांक्षा फोन धरून वडिलांच्या पाठीमागे बसली. तांडेलांनी उजव्या हाताने समुद्राला नारळ सोडला, तो हात कपाळाला लावला, आणि तिथून मी सुरू होतो. होडी बाहेर जाऊन परत फिरते. नाळीच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, आतल्या बाजूला 'कुणकेश्वर कृपा' ही अक्षरं दिसतात. खाडीचं तोंड समोर येतं आणि तांडेल सुकाणू धरून उभे राहतात. मग त्यांचा उजवा हात लांब होतो.

"ह्या हाताक, झिला. ह्या हाताक. त्या हाताक जाव नको, थंय तो आसा."

झील म्हणजे मुलगा. मला बघणारा कोणीही असो, तांडेलांच्या तोंडी तो झीलच. उजवं, डावं, उत्तर, दक्षिण असले शब्द त्यांच्या बोलण्यात कधी आलेच नाहीत. हात दाखवला की काम झालं, अशी त्यांची पद्धत. होडी आत आली की ते मागे वळून थेट माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "आणि कळला नाय तर काठावर कोणाक पण इचार. इचारूक लाज कसली?" मग लेकीला म्हणतात, "झाला मा? बंद कर आता." तिथे मी संपतो.

मला फार चांगले दिवस आले. आकांक्षाने मला इंटरनेटवर ठेवलं. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लोकांनी मला बघितलं. बाहेरगावच्या होडीवाल्यांनी खाली आभार लिहिले. वादळात अडकलेला एक जण तर मला बघत बघत सुखरूप आत आला होता, आणि दुसऱ्या दिवशी तांडेलांच्या घरी पापलेटं घेऊन आला होता. तांडेल चहाच्या टपरीवर मुद्दाम विचारायचे, "आज किती जणांनी बघल्यानी रे?" मीही जरा फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी, माघात, तांडेल गेले. त्यानंतर रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली. कोणी मला लावलं की त्या उठून परसात जायच्या. "आवाज आसा आणि माणूस नाय. ता माका बघूक नको," म्हणायच्या. मला राग आला नाही. मलाही ते गेल्याचं वाईट वाटतच होतं, फक्त मला ते सांगता येत नव्हतं.

आणि मग मला चोरलं.

मित्रांनो, कुठल्यातरी लांबच्या शहरात काही वेबसाइटी चालतात. त्या स्वतः काही चित्रित करत नाहीत. दुसऱ्याने घाम गाळून केलेले व्हिडिओ उचलायचे, आपल्या पानावर लावायचे, भोवती जाहिराती चिकटवायच्या आणि जाहिरातींचे पैसे खायचे, एवढाच त्यांचा धंदा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. त्या वेबसाइटीवर कोण बसलं आहे, मला आजवर दिसलेलं नाही. मला उचलणारं एक यंत्रच होतं. त्याने मला एकदाही पूर्ण बघितलं नाही.

पण त्याने मला जसंच्या तसं ठेवलं नाही. चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून चोर गाईचा कान कापतो, तसं त्याने केलं. तांडेलांचा आवाज थोडा जाडा केला. माझ्या सुरुवातीला एक जाहिरात बसवली, आणि शेवट कापून तिथे दुसरी. 'कुणकेश्वर कृपा' ही अक्षरं होती तिथे एक लाल पट्टी आली, केस वाढवायच्या तेलाची. आणि आरशात दिसावं तसं मला उलटं केलं. असं उलटं केलं की शोधणाऱ्या यंत्राला चोरी पकडता येत नाही म्हणे.

म्हणजे काय झालं, कळलं का? त्या नकलेत तांडेल डाव्या हाताने नारळ सोडतात. खाडीच्या तोंडाशी त्यांचा डावा हात लांब होतो, आणि त्याच मायेने ते म्हणतात, "ह्या हाताक, झिला."

ती नक्कल माझ्याच अंगातून काढलेली, त्यामुळे तिच्यातूनही मला दिसत राहिलं. घरी पलंगावर लोळत बघणाऱ्यांचं मला भय नव्हतं. मला भय होतं वाऱ्याचं. ज्या दिवशी पडद्यावर वारा घोंगावेल आणि बघणाऱ्याच्या तोंडावर खारं पाणी उडालेलं दिसेल, त्या दिवशी मी काय करणार होतो? काही महिन्यांनी तर कहरच झाला. त्या वेबसाइटीने तक्रार केली, की खरा व्हिडिओ त्यांचा आणि नक्कल मी! चोराच्या उलट्या बोंबा. आकांक्षाने पुन्हा पुन्हा कळवलं, पण पलीकडे उत्तर देणारंही यंत्रच होतं. मला काढून टाकण्यात आलं. मी आकांक्षाच्या जुन्या फोनात, तिच्या माहेरच्या कपाटात, धुतलेल्या चादरींखाली जाऊन पडलो. बाहेरच्या जगात माझ्या नावाने फक्त ती नक्कल उरली.

तांडेलांचा मुलगा जितेंद्र मुंबईत एका कंपनीचं गोदाम सांभाळायचा. ते काम सुटलं आणि तो गावी आला. वडिलांची होडी देवगडला पडून होती, ती त्याने दुरुस्तीला टाकली. पर्यटकांना समुद्रात फिरवून आणायचं, असं त्याने ठरवलं होतं. दहावीनंतर त्याने गाव सोडलेला, होडी तो शिकला होता पण खाडीचं तोंड त्याने स्वतः कधी ओलांडलं नव्हतं. दुरुस्त झालेली होडी आत कशी आणायची हा प्रश्न होता. आकांक्षाने फोनवर त्याला सुचवलं, ते मला नंतर घरच्यांच्या बोलण्यातून कळलं.

"दादा, शेजारच्या सुदेशाक सांग. तो आणून देतलो."

"तांडेलाचो झील मी. माझ्याच दारात माका दुसऱ्यान हात धरून आणूचो? गाव हसात गो," जितेंद्र म्हणाला. "बाबांनी सगळा दाखवून ठेवलेला आसा मा? ता बघून येतंय."

आकांक्षाला वाटलं, पूर्वी तिने पाठवलेला मीच त्याच्याकडे असेन. पण त्याचा तो फोन केव्हाच बदलला होता. त्याने शोधलं आणि जे पहिलं आलं ते लावलं.

रोज संध्याकाळी तो पडवीत बसून ती नक्कल बघायचा. वडिलांचा आवाज आला की त्याचे डोळे भरायचे. एकदा तो स्वतःशीच म्हणाला, "तेव्हा बाबांका सर्दी झालली दिसता." मित्रांनो, त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर मी होतो. त्याला तो हात दिसत होता, पण तो बघत होता वडिलांचा चेहरा. ज्याचे वडील गेले आहेत तो आणखी कुठे बघणार? मी आतून आकांत केला, आणि बाहेर आलं ते एवढंच, "ह्या हाताक, झिला."

रविवारी सकाळी तो एसटीने देवगडला गेला. दुपारच्या भरतीला होडी आणायची होती. आकांक्षा सुट्टीसाठी घरी आलेली होती. रुक्मिणीबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी त्या ताट सारून म्हणाल्या, "माका दाखव गो. ह्यांनी त्याका काय सांगल्यानी, ता माका बघू दे."

तांडेल गेल्यापासून त्या पहिल्यांदाच बघणार होत्या. आकांक्षाने नव्या फोनवर शोधलं, नक्कल उघडली, दोघींनी तेलाची जाहिरात संपायची वाट बघितली. तांडेल दिसले. त्यांनी नारळ सोडला. रुक्मिणीबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"ह्यो कोण?"

"आये, बाबा ते!"

"न्हय. उभ्या जल्मात ह्यांनी देवाक डाव्या हातान काय एक दिल्यानी नाय. तोंड तुझ्या बापाशीचा आसा, पण ह्यो तुझो बापूस न्हय."

आकांक्षा उठली. तिने कपाट उघडलं, चादरी खाली लोटल्या, जुना फोन काढून चार्जिंगला लावला आणि मला सुरू केलं. तिने दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. पहिल्यांदाच मी आणि माझी नक्कल समोरासमोर आलो. एकाच माणसाने त्याच शब्दांत दोन वेगळ्या वाटा दाखवल्या. रुक्मिणीबाईंनी चप्पलसुद्धा घातली नाही. त्या दांड्याच्या दिशेने पळत सुटल्या, आणि आकांक्षा भावाला फोन लावत त्यांच्या मागे.

कुणकेश्वर मागे टाकून होडी खाली येत होती. तोवर त्याच्या फोनला रेंज नव्हती. खाडीच्या तोंडाशी ती आली, आणि जितेंद्रने पहिली गोष्ट केली ती म्हणजे नक्कल लावली. मला वाऱ्याचा घोंगाट ऐकू आला. त्याच्या गालावर खारं पाणी उडालेलं होतं. ज्याला मी इतके दिवस भीत होतो, तो दिवस हाच होता.

आधी जाहिरात लागली. एक मुलगी हसत हसत केसांना तेल चोपडत होती आणि त्याचं इंजिन घरघरत होतं. तेवढ्यात आकांक्षाचा फोन आला. माझ्यावर तिचं नाव चमकलं. त्याने अंगठ्याने ते बाजूला सारलं. "थांब गो, मगे करतंय," तो म्हणाला. एका हातात सुकाणू आणि डोळ्यांपुढे वडील, अशा वेळी बहिणीशी गप्पा कोण मारेल? ती पुन्हा लावत राहिली आणि तो पुन्हा सारत राहिला.

त्याने काळा चष्मा घातला होता. त्या काचेत मला किनारा दिसत होता. सुरूची झाडं, फेस, आणि कमरेइतक्या पाण्यात उभी एक हिरवी साडी. ती दोन्ही हात हलवून त्याला आपल्याकडे बोलावत होती. त्याने मान वर केली.

"आये थंय काय करता?" तो पुटपुटला.

त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. तांडेलांचा डावा हात लांब झालेला होता. पुढे आई एकीकडे बोलावत होती आणि हातात वडील दुसरीकडे दाखवत होते. वडिलांनी आयुष्यात त्याला चुकीची वाट दाखवली नव्हती. "ह्या हाताक, झिला," मी म्हणालो. मीच म्हणालो, मित्रांनो. दुसरं काही माझ्या तोंडात नव्हतंच.

होडी तोवर चुकीच्या वाटेला लागली होती. त्याने सुकाणू वळवलं, आईकडे, पण उशिरा. धाडकन आवाज झाला, फळ्या कडाडल्या, आणि त्याच्या हातातून मी सुटलो. पाणी हिरवं होत गेलं, मग काळपट. तिथे मला 'तो' दिसला. अंगभर कालवं चिकटलेला, आणि एका कपारीत कुठल्यातरी जुन्या होडीची फळी अडकलेली. आपल्याला कोणी काय म्हणतं याची त्याला पर्वा नव्हती. मग तो फोन विझला.

सुदेश आणि आणखी चौघांनी जितेंद्रला ओढून बाहेर काढलं, हे मला कपाटातल्या फोनात नंतर कळलं. होडीचे दोन तुकडे झाले. त्याचा उजवा हात खडक आणि फळ्यांमध्ये चिरडला गेला, तो अजून खांद्याच्या वर जात नाही. काठावर कोणीतरी म्हणालंच, "तांडेलान झिलाकच चुकीची वाट दाखवल्यान." तेव्हा रुक्मिणीबाईंनी दोन्ही फोन मागवले आणि तिथेच, भिजल्या साडीनिशी, सगळ्यांना नारळाचा हात दाखवला. यंदा नारळी पौर्णिमेला नारळ त्यांनीच सोडला.

आता त्या रोज संध्याकाळी मला बघतात. माझ्या शेवटाला तांडेल म्हणतात, "कळला नाय तर काठावर कोणाक पण इचार. इचारूक लाज कसली?" तेव्हा जितेंद्र मान खाली घालतो. ते वाक्य त्याने ऐकलं असतं तर त्याचा हात धड असता. ते वाक्य कापून तिथे तेल विकलं गेलं, याचा मला फार संताप येतो, आणि तो संताप मी कुणालाही दाखवू शकत नाही.

आकांक्षाने त्या वेबसाइटीविरुद्ध तक्रार केली. ती बंद झाली आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने उघडली. तिच्यावरून आणखी कोणी उचललं, त्यांच्यावरून आणखी कोणी. आता मी कितीतरी जागी आहे, आणि त्या सगळ्या जागी माझा हात चुकीचा आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. पडद्यावर माणूस ओळखीचा दिसला, आवाज मायेचा आला, म्हणून लगेच त्याच्या मागे जाऊ नका. तो कुठून आला, त्याला कोणी पाठवलं, ते बघा. आणि मी भेटलो, तर माझी वाट बघण्याआधी माझा नारळ बघा. तो डाव्या हातातून सुटत असेल तर मला तिथेच बंद करा, आणि काठावर जो कोणी उभा असेल त्याला हाक मारून विचारा.

आत्ता, हे तुम्हाला सांगत असताना, कोणीतरी नक्कल उघडली आहे. वारा घोंगावतो आहे. चेहरा माझ्या ओळखीचा नाही. त्याच्या मागे नारिंगी जॅकेट घातलेली एक लहान मुलगी बसली आहे, वेफर्स खाते आहे, आणि तिच्या मागे लांबवर सुरूची झाडं दिसताहेत. तेलाची जाहिरात अजून चालू आहे. ती संपायच्या आत कोणीतरी त्याला हाक मारा.